उजव्या दाढेवरची टोपी

—तर मला पहिल्यांदा खटकली ती जांभई. साधी जांभई हो, काकू. नाही नाही, तुम्ही बोलू नका, कापूस घट्ट दाबून धरा, अर्धा तास म्हणजे अर्धा तास — दाढ काढल्यावर तोंड उघडलं की रक्त पुन्हा सुरू होतं आणि मग आतले डॉक्टर मलाच बोलतील, बाकावर बसून पेशंटला बोलतं केलंस म्हणून. तुम्ही नुसतं ऐका. मान हलवलीत तरी पुष्कळ. खरं सांगू का, तुमच्या तोंडात कापूस आहे म्हणूनच मी शेजारी येऊन बसले. ज्यांना बोलता येतं त्यांच्याशी आज माझं जमत नाहीये.

तर जांभई. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. एक शाळेच्या बाई आल्या होत्या, जबड्याचा सांधा अडकलेला — हा इथला, कानाच्या पुढचा, बोट ठेवून तोंड हलवलं की हलतो ना, तो. तुम्ही आत्ता हलवू नका. बाईंचं तोंड बावीस मिलिमीटर उघडत होतं. बावीस म्हणजे दोन बोटंसुद्धा धड आत जात नाहीत. खुर्चीत बसल्या, सर यायचे होते, मी फॉर्म काढत होते, आणि बाईंना जांभई आली. अशा माणसांना जांभईची किती धास्ती असते, तुम्हाला कल्पना नाही. त्यांनी झटकन तीन बोटं कानापुढे दाबली, कोणी बाहेरून ढकलतंय म्हणून दाराला आतून खांदा लावावा तशी. उजव्या कानापुढे. आणि हनुवटी सरकली तीही उजवीकडे. आता हे आम्हाला कॉलेजात घोकूनच घेतलेलं असतं — अडकलेला सांधा मागे राहतो, चांगला पुढे जातो, म्हणून हनुवटी अडकलेल्या बाजूला ओढली जाते. म्हणजे उजवा सांधा. यात डॉक्टरकी कसली, तुमच्यासारख्या कोणीही सांगितलं असतं.

मग सर आले. बाईंना तोंड उघडायला लावलं, कानापुढे दोन बोटं ठेवली — कितीसा वेळ, शिंक यायला लागतो तेवढा — आणि फॉर्मवर लिहिलं: डावा. मी बघत राहिले. मला वाटलं, माझंच चुकतंय. कारण समोर बसलेल्या माणसाचा उजवा तो आपला डावा, आणि आमच्या धंद्यात दिवसभर समोरच बसावं लागतं. मी हे बघा, तळहातावर लिहून ठेवते. उजव्या तळव्यावर ‘उ’. रोज सकाळी, पेनानं. हसताय ना? हसा, पण ओठ मिटून. सरही हसतात. सगळ्यांसमोर म्हणाले होते, आमच्याकडे एक डॉक्टर हातावर लिहून डॉक्टरकी करतात. माझी आई तर म्हणते, हिला दाराची बेल वाजली तरी वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. मग अशा मुलीनं सरांना म्हणायचं का, की सर, उजवा? नाही म्हटलं मी. मी पेनाचं टोपण काढलं आणि—

राहू दे. आधी हे चाललंय काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसतीच बडबडतेय.

आमचं काम म्हणजे तपासण्यांची तपासणी. जबड्याचा सांधा बिघडलाय का, कुठला बिघडलाय, हे शोधायच्या तीन रीती. एक, डॉक्टरनं बोटांनी बघायचं, आवाज ऐकायचा, पट्टीनं मोजायचं. दुसरी, एक नवीन मशिन आलंय — हेडफोनसारखं डोक्यावर चढवायचं, दोन्ही कानांपुढे दोन चकत्या, लाल ती उजवी, निळी ती डावी. पेशंटनं तोंड उघडमिट करायची आणि सांध्याची थरथर ते लिहून घेतं. आम्ही त्याला हेडफोनच म्हणतो. आणि तिसरी रीत एमआरआय. तो आमची आदर्श उत्तरपत्रिका, मास्तरांजवळ असते तशी. म्हणजे एमआरआय म्हणेल ते खरं धरायचं आणि बाकीच्यांना किती गुण ते मोजायचे. सोपं आहे ना? आता तुम्हीच सांगा — नका सांगू, मीच सांगते — परीक्षा घ्यायची तर उत्तरपत्रिका कुठे पाहिजे? कुलपात. एमआरआयचा अहवाल बंद लिफाफ्यात यायचा, लिफाफा बंदच राहायचा, आधी सरांनी तपासायचं, मग मी वेगळ्या वेळी, सरांचा फॉर्म न बघता तपासायचं, मग हेडफोन, आणि सगळे सत्तावन्न पेशंट संपले की लिफाफे फोडायचे. असं लिहिलंय. छापलंय. त्यावर शिक्का आहे.

आणि लिफाफे कोण चिकटवणार? मी. सर म्हणाले, अगं, रोज कुठे गोंद काढत बसतेस, शेवटी एकदम चिकटव. मी एका दुपारी सत्तावन्न लिफाफे चिकटवले, काकू. एका बैठकीत, एका गोंदाच्या कांडीवर. आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते समारंभानं फोडले. फोटो काढला. सर कात्री घेऊन उभे, मी मागे ट्रे घेऊन. गोंद अजून ओला होता.

काय? — दचकले मी. दार आहे नुसतं. या दाराला काय झालंय कोणास ठाऊक, आपटल्याशिवाय बंदच होत नाही. सर असतील असं वाटलं. सर आत आहेत, त्या कोपऱ्यातल्या खोलीत, मशिनवाले पाहुणे आलेत. हसणं ऐकू येतंय ना, ते. सत्त्याण्णव टक्क्यांचं हसणं आहे ते. हेडफोन सत्त्याण्णव टक्के अचूक निघाला, सर त्याहून वर. आणि सरांचं-माझं एकमत तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा. आमच्या घरी आम्ही तीन माणसं, पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावर आजवर एकमत झालेलं नाही. आणि इथे दोन डॉक्टर, सत्तावन्न माणसं, एकशे चौदा सांधे, आणि सगळं कसं मऊ भातासारखं एकजीव. कोणाला शंका आली? कोणाला नाही. पाहुणे म्हणतात, उत्तम. विभागाच्या मोठ्या मॅडम म्हणतात, उत्तम. एवढं उत्तम की वास यावा.

बाईंचं पुढे ऐका. बाईंना मी हेडफोन चढवला. लाल उजवीकडे, निळा डावीकडे, तळहात बघून चढवला. आणि मशिननं सांगितलं: उजवा. मला इतकं बरं वाटलं — म्हणजे बाई म्हणतात उजवा, हनुवटी म्हणते उजवा, मशिन म्हणतं उजवा. मी धावत सरांकडे. सरांनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाले, हेडफोन उलटा घातला असशील. झालं. मी हो म्हटलं. कारण घातला असेलही, माझा काय भरवसा. ‘उ’ लिहिलं खरं, पण हात पुढे करून बघितला की मागे वळवून? तोपर्यंत बाई घरी गेलेल्या, आणि सर म्हणाले, एवढ्यासाठी परत कशाला बोलवायचं, उलट करून लिही. मी उलट करून लिहिलं. त्या बिचाऱ्या मशिननं आयुष्यात एकदा सरांच्या विरुद्ध तोंड उघडलं, तर मी ते दाबलं. तुमच्या कापसासारखं.

आणि बाई? वर्गात चाळीस मुलं यांच्यासमोर हूं का चूं करत नसतील, पण सर म्हणाले, दुखतं उजवीकडे, पण दोष डावीकडे आहे, असं असतं कधीकधी — तर बाई म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसं. स्वतःचा जबडा, काकू. चार महिने स्वतःच्या तोंडात घेऊन फिरल्या, तरी तुम्ही म्हणाल तसं. जाताना मला हळूच विचारलं, मला वर्गात मोठ्यानं वाचता येईल ना हो परत? मुलं म्हणतात, बाई, तुम्ही दात आवळून का वाचता, आमच्यावर रागावलात का? मी म्हटलं, येईल की. फार आत्मविश्वासानं म्हटलं. एवढंच मला आत्मविश्वासानं म्हणता येतं, ज्यातलं मला काही ठाऊक नसतं ते.

घड्याळात किती झाले? अकरा बावीस. तुमची अजून अठरा मिनिटं.

आज सकाळी काय झालं, सर म्हणाले, पाहुण्यांना दाखवायला एक नमुना तयार कर, सगळ्यांचं एकमत असलेला, शाळेच्या बाईंचीच केस घे. बाईंचीच. मी संगणकावर फिल्म लावल्या, एका बाजूला उजवा सांधा, एका बाजूला डावा. डावा अडकलेला, अगदी पुस्तकात छापावा तसा. आणि त्याच डाव्या फिल्मच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग. शाई सांडल्यासारखा. आता एमआरआयमध्ये असा डाग पडतो तो धातूनं. दाढेवर धातूची टोपी असली की तिच्या आजूबाजूचं सगळं काळं होतं. आणि बाईंच्या तोंडात टोपी एकच आहे. उजवीकडे. खालची दाढ, शेवटून दुसरी. बाईंनी स्वतः ओठ बाजूला ओढून दाखवली होती मला, मुलगा झाला त्या वर्षी बसवली म्हणाल्या, मुलगा आता कॉलेजात जातो पण टोपी हलली नाही. डावीकडे धातूचा कण नाही. मग डाव्या फिल्मवर डाग कसा?

नाही, तुम्ही बरोबर भुवया चढवल्यात. फिल्म डावी नव्हतीच. नावं उलटी पडलीत. एमआरआयवाले एकेक सांधा घेतात, आधी उजवा, मग डावा, आणि नावं हातानं टाकतात. त्या दिवशी कोणीतरी आधी डावा घेतला असेल आणि बोटांनी सवयीनं नावं टाकली असतील. होतं असं. माणूस आहे. आणि असं होतं म्हणूनच तर दुसऱ्यांदा तपासायचं असतं ना? म्हणूनच तर लिफाफा बंद ठेवायचा असतो? उत्तरपत्रिकेत छापायची चूक झाली आणि वर्गातल्या हुशार मुलानं नेमकी तीच चूक उतरवली, तर मास्तर काय समजतील? काकू, सरांनी बोटं लावली ती शोभेला. उत्तर त्यांच्या टेबलावर उघडं पडलेलं होतं. नाहीतर ज्या बाईची हनुवटी उजवीकडे धावते तिला डावा लिहिणारा माणूस एकतर आंधळा पाहिजे, नाहीतर त्यानं वाचलेलं पाहिजे. आणि सरांना चष्मासुद्धा नाही.

मी गेले सरांकडे. हो, गेले की. तुम्हाला वाटलं नसेल ना? पाहुणे यायच्या आधी गेले, फाइल छातीशी धरून गेले. सांगितलं, डाग, टोपी, सगळं. सरांनी ऐकून घेतलं. आणि काय म्हणाले असतील? म्हणाले, दातांचा तक्ता कोणी भरला होता? मी म्हटलं, मी. म्हणाले, मग तोच उलटा भरला असशील. बघा. काय माणूस आहे. माझी भीती त्यांच्या खिशातच असते, लागली की काढतात, रुमालासारखी. आणि मला क्षणभर पटलंही. बाहेर येऊन मी तळहात बघितला.

मग खाली गेले, तळघरातल्या एक्स-रेच्या खोलीत. बाईंचा संपूर्ण तोंडाचा जुना एक्स-रे आहे तिथे, आणि त्यात फोटो काढतानाच शिशाचं अक्षर ठेवलेलं असतं, उजव्या बाजूला — ते नंतर कोणाला टाइप करता येत नाही, बदलता येत नाही. त्या अक्षराच्या अंगाला टोपी आहे. चकाकतेय. उजवीच. मी तीनदा बघितलं. एकदा तळहात धरून, एकदा न धरता, आणि एकदा त्या एक्स-रेवाल्या दादांना विचारून. ते म्हणाले, ताई, एवढं काय बघायचं त्यात, उजवी आहे.

म्हणजे माझं चुकलं नव्हतं, काकू. जांभईच्या दिवशीही नव्हतं, हेडफोनच्या वेळीही नव्हतं. आनंद व्हायला पाहिजे ना? मी तिथल्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

कारण बाईंचं आज ऑपरेशन आहे. आज. पावणेबाराला. इथे नाही, इथे पूर्ण भूल देत नाहीत — शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात, इथून दीड तास. सांध्यात दोन सुया घालून तो आतून धुवायचा, अडकलेलं सोडवायचं. डावा. कागदावर डावा, फिल्मवर डावा, आमच्या फॉर्मवर डावा. तिथले सर्जन चांगले आहेत, पण ते काय करणार, त्यांच्यासमोर चार पुरावे आणि चारही एका सुरात. चांगल्या सांध्यात सुया जातील. तिथून चेहऱ्याची एक नस जाते, तिला धक्का लागला तर डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला लोंबतो. नाही लागला तर नाही लागला. पण उजवा तसाच राहील, बावीस मिलिमीटर. आणि महिन्यानं सर म्हणतील, असं असतं कधीकधी.

म्हणून मी मघापासून फोन लावतेय. बाईंचा बंद, आत नेलं असणार. ऑपरेशन थिएटरचा नंबर मिळवला, तो कोणी उचलत नाही. चार वेळा लावला. मोठी हॉस्पिटलं म्हणजे अशीच, फोन शोभेला ठेवलेले, कोणाला पडलंय, तिकडे घंटा वाजून वाजून—

काय? काय दाखवताय? फोन? हो, हाच. बोट का असं... — हं. बघितलंत तुम्ही.

बघितलंत. बरोबर. वाजू कुठे दिला मी. दोन घंटा झाल्या की लाल बटण. चारही वेळा. मला वाटलं तुम्ही गाल सांभाळताय, तुमचं लक्ष नाही. दाढ काढलेली बाई एवढी बारीक नजर कशी ठेवते?

ऐका मग. तिकडून पहिला प्रश्न काय येईल? कोण बोलतंय. आणि मी काय सांगू? फॉर्मवर दोन सह्या आहेत, काकू. पहिली सरांची. त्यांनी निदान दोन बोटं तरी लावली होती, शोभेला का होईना. दुसऱ्या सहीच्या वर छापलंय: मी स्वतंत्रपणे तपासलं आहे. मी तपासलंच नाही. बाईंना नाही. त्यांच्या आधीच्यांना नाही. पहिल्या आठ-दहा जणांना तपासलं, मन लावून, आणि दोनदा माझं उत्तर सरांपेक्षा वेगळं आलं. सर म्हणाले, तुझ्यामुळे एकमताचा आकडा घसरतोय. तेव्हापासून मी त्यांचा फॉर्म शेजारी ठेवते आणि उतरवते. अक्षर थोडं वेगळं काढते. मघापासून मी सरांच्या नावानं बोटं मोडतेय, त्यांनी उत्तरपत्रिका बघितली म्हणून. त्यांनी उत्तरपत्रिका बघितली, मी त्यांची बघितली. जांभई बघितली, हनुवटी बघितली, आणि टोपण काढून डावा लिहिलं. एकट्या माणसानं चूक लिहिली असती तर सर्जननी निदान एकदा बाईंना विचारलं असतं. दोन सह्या बघून कोण विचारतं? ती दुसरी सही विचारू नये म्हणूनच असते.

अठ्ठ्याण्णव टक्के. हे माझे टक्के आहेत.

असं बघू नका. मान हलवा, निदान रागवा. उठून जा. — नाही, बसा. बसा जरा. हात सोडू नका हो, दोन मिनिटं. तुमचा हात गार आहे, बर्फाची पिशवी धरलेली ना.

अकरा छत्तीस. सुया घालायच्या आधी जागा पुसून घेतात, निळ्या कापडानं झाकतात, एक भोक ठेवतात तेवढंच दिसतं. मग उजवं काय, डावं काय, नुसतं एक भोक. मी ते झाकताना बघितलंय, म्हणून माहीत.

लावते. बघा, तुमच्यासमोर लावते. फोन इथे ठेवते, आपल्या दोघींच्या मधे, बाकावर, स्पीकर लावून — लाल बटणाकडे माझा हात गेला की तुम्ही मारा त्यावर. खरंच मारा. गार हातानं मारा. वाजतेय. एक. त्यांनी विचारलं की... दोन. हां, आत्ता. आत्ता मी कापते. धरा माझा हात. तीन. दोनच्या पुढे मी गेलेच नव्हते, दोनच्या पुढे कसं वाजतं ते... तसंच वाजतं. चार. आतलं हसणं थांबलं का हो? खुर्च्या सरकतायत. सर पाहुण्यांना सोडायला याच बोळातून येणार. येऊ देत. पाच. सहा. आता खरंच कोणी उचलत नसलं तर, काकू, आता माझं ते कोणीही खरं मानणार नाही, मीसुद्धा. सात. उचला हो. कोणीतरी उचला, झाडणाऱ्या मावशींनी उचला, कोणीही—

तुमचा अर्धा तास होत आला. कापूस काढा आणि जा आता घरी, काकू, इथे पुढचं ऐकण्यासारखं—

हॅलो. हो, ऐकू येतंय. शाळेच्या बाई, जबड्याचा सांधा, पावणेबाराचं ऑपरेशन — थांबवा. उजवा आहे. डावा नाही, त्यांचा उजवा. कोण बोलतंय? फॉर्म समोर आहे का तुमच्या? खाली बघा. दुसरी सही.